कोल्हापूरहून विंडसरला, आणि परत

कोल्हापूरहून विंडसरला जाणारी वाट दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. आज शिवाजी पेठेतील एखादे व्यापारी कुटुंब लंडनजवळ स्थिरावलेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे महिनाभरासाठी जाते, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत टेम्स नदीवरचा पूल, मेणाचे पुतळे आणि लंडनचा बुरुज यांच्या जोडीला विंडसरच्या राजकिल्ल्याचे नाव ठरलेलेच असते. दुकान धाकट्या भावाच्या किंवा जुन्या मुनिमांच्या हवाली केलेले असते. आजी-आजोबा आयुष्यात प्रथमच समुद्रापार आलेले असतात. नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. असे तीन पिढ्यांचे कुटुंब किल्ल्याच्या दाराशी रांगेत उभे राहते. त्या रांगेत फारच थोड्यांना ठाऊक असते की १८७० सालच्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे वीस वर्षांचे छत्रपती याच किल्ल्यात राणी व्हिक्टोरियाच्या भेटीस आले होते.

त्यांचे नाव राजाराम महाराज. करवीर घराण्यातील हे दुसरे राजाराम. १३ एप्रिल १८५० हा त्यांचा जन्मदिवस आणि १८६६ मध्ये ते दत्तक म्हणून गादीवर आले. इंग्रजी त्यांनी मन लावून आत्मसात केली होती. ज्या काळी समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असे मानणारा समाज चारी बाजूंनी होता, त्या काळी गादीवर असलेल्या हिंदू राजाने विलायतेस जावे ही साधी गोष्ट नव्हती. महाराज गेले. बरोबर स्वतःचे सेवक होते आणि कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. आज विमानाने जो प्रवास एका दिवसात उरकतो, त्याला तेव्हा आठवड्यांमागून आठवडे लागत.

या प्रवासाची दैनंदिनी महाराजांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. वेस्टने ती पुढे संपादित केली आणि १८७२ मध्ये ती लंडनमध्ये छापली गेली. परदेशप्रवासाचे मराठी माणसाच्या हातचे जे जुने टिपण आज उपलब्ध आहे, त्यात या दैनंदिनीचे स्थान मोठे आहे. तिच्यातील राजा दिपून जाणारा नाही आणि तुच्छतेने पाहणाराही नाही. जे दिसले ते टिपावे, ज्यांना भेटलो त्यांची नोंद ठेवावी, दिवस संपण्यापूर्वी पान भरावे, एवढा साधा नेम त्याने सांभाळला. रोजमेळ त्याच दिवशी लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला या सवयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

विंडसरला महाराज गेले तेव्हा राणी व्हिक्टोरियाचे वय ५१ वर्षांचे होते. हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब तिने अद्याप घेतलेला नव्हता. तो सहा-सात वर्षांनी आला. तिचे पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी याच किल्ल्यात वयाच्या ४२ व्या वर्षी निवर्तले होते आणि तेव्हापासून तिने काळी वस्त्रे उतरविली नव्हती. विसाव्या वर्षाचा करवीरचा राजा आणि पतिशोकातून बाहेर न आलेली इंग्लंडची राणी अशी ती भेट होती. एक राज्य दुसऱ्या राज्याच्या अधिपत्याखाली होते, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. तरीही त्या तरुणाच्या वागण्यातील अदब आणि आत्मसन्मान यांची छाप त्याला भेटलेल्यांवर पडली.

किल्ल्याला त्या वर्षी सुमारे आठशे वर्षे होत आली होती. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने १०७० च्या सुमारास लंडनच्या पश्चिमेस, आजच्या हिशोबाने सुमारे ३५ किलोमीटरवर, टेम्सकाठच्या उंचवट्यावर त्याची उभारणी सुरू केली. प्रथम लाकडाची तटबंदी होती. मधल्या टेकाडावरचा गोल बुरुज दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, दगडात उभा राहिला. नातवंडांना हे सांगताना एक जोड अवश्य द्यावी. जवळजवळ त्याच काळी कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर शिलाहार राजा दुसरा भोज पन्हाळ्याचा किल्ला उभारत होता. एकमेकांचे नावही न ऐकलेले दोन राजे पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच काळात दगडावर दगड रचत होते, ही गोष्ट मुलांच्या मनात घर करून राहते.

दोन्ही किल्ल्यांचे पुढचे दैव मात्र वेगळे झाले. पन्हाळ्यावर आज राजघराणे नांदत नाही. विंडसर आजही राजघराण्याचे राहते घर आहे, आणि जगातील राहत्या किल्ल्यांत सर्वांत मोठे म्हणून त्याची ख्याती आहे. राजा किल्ल्यात असेल तर गोल बुरुजावर त्याचे खास निशाण फडकते; नसेल तर देशाचा ध्वज असतो. तटाच्या आत सेंट जॉर्जचे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे काम १४७५ मध्ये चौथ्या एडवर्डने आरंभिले. आठव्या हेन्रीचे दफन तेथे आहे आणि २०२२ मध्ये दिवंगत झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीचेही. किल्ला सर्वसाधारणपणे मंगळवारी व बुधवारी पाहुण्यांसाठी बंद असतो, म्हणून दिवस ठरविताना ते आधी पाहून घ्यावे. चढ आहे, पायऱ्या आहेत, एका खाली एक पसरलेली प्रांगणे आहेत; वडीलधाऱ्यांना घाई न करता अर्धा दिवस तरी द्यावा.

लहानांचे पाय हमखास अडतात ते राणी मेरीच्या बाहुलीघरापाशी. एका फुटाला एक इंच या प्रमाणात रचलेले हे घर १९२४ मध्ये पूर्ण झाले. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येते, ग्रंथालयात बोटाएवढी पुस्तके आहेत. त्याचा रचनाकार एडविन ल्युटेन्स, म्हणजे नवी दिल्लीचे राष्ट्रपती भवन उभारणारा वास्तुशिल्पी. मोठ्यांची नजर मात्र दुसऱ्या एका वस्तूपाशी थबकते. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर टिपू सुलतानाच्या सिंहासनाचे तुकडे करून वाटून घेतले गेले. त्या सिंहासनाच्या पायाशी असलेले सोन्याचे वाघाचे डोके विंडसरच्या संग्रहात आहे. बाहुलीघर पाहून हरखलेल्या मुलाने ‘हे येथे कसे आले?’ असे विचारले, तर त्याला खरे उत्तर द्यावे. लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, आणि वस्तूंबरोबर तो शब्दही त्यांच्या घरी जाऊन राहिला. हे सांगताना आवाज चढविण्याचे कारण नाही. मूल वस्तूकडे पाहून झाल्यावर तिच्या मालकीचाही विचार करू लागले, एवढे पुरे आहे.

व्यापारी माणसाला विंडसरची आणखी एक हकिकत आवडेल. २० नोव्हेंबर १९९२ रोजी खासगी प्रार्थनागृहात दुरुस्तीचे काम चालू असताना एका दिव्याच्या उष्णतेने पडद्याने पेट घेतला. आग सुमारे पंधरा तास धुमसत राहिली. लहानमोठी ११५ दालने होरपळली. सरकारने खर्च उचलण्याची भाषा करताच करदात्या जनतेत नाराजी उमटली. राजघराण्याचे घर जळाले तर त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा, हा प्रश्न लोकांनी उघडपणे विचारला. मग लंडनचा बकिंगहॅम राजवाडा १९९३ पासून उन्हाळ्यात तिकीट लावून लोकांना खुला करण्यात आला. दुरुस्तीचा सुमारे सत्तर टक्के खर्च या मार्गाने उभा राहिला. काम ठीक पाच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९९७ रोजी पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड झाला, आणि तो ठरविलेल्या अंदाजाच्या आत राहिला. इमारत जुनी असो वा पेढी जुनी असो, नुसत्या अभिमानाने ती टिकत नाही. दरवर्षी तिच्यावर खर्च करावा लागतो आणि तो खर्च कोठून येणार याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा लागतो.

किल्ला पाहण्याच्या दिवशी जैन कुटुंबासमोर एक प्रश्न इतरांहून अधिक असतो, तो आहाराचा. जूनच्या अखेरीस या भागात सूर्य रात्री साडेनऊच्या थोडा आधी मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नेम असणाऱ्यांना त्या दिवसांत मोकळीक वाटते. परंतु तोच प्रवास डिसेंबरात असेल तर दुपारी चारच्या आतच दिवस संपतो. किल्ला पाहून रेल्वेने घरी पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते. म्हणून हिवाळ्यात डबा बरोबर हवाच. दुकानातील पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण असली तरी तेथील शाकाहारात अंडे चालते; कांदा, लसूण, बटाटा तर सर्रास असतात. मऊ चघळण्याच्या गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघणारे जिलेटिन असू शकते. इटलीत गेल्यास परमेसान नावाच्या चीजपासून दूरच राहावे, कारण ते वासराच्या जठरातील द्रव्य वापरूनच तयार होते. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचण्याचे काम नातवंडांकडे सोपवावे. आजीच्या नेमाची जबाबदारी आपल्यावर आहे असे कळले की मुले ती मोठ्या निष्ठेने पार पाडतात, आणि नेम म्हणजे काय हे त्यांना उपदेशाविना उमगते.

परदेशी नेम पाळणाऱ्यांना पूर्वी लोक हसत नसत असे नाही. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये जयपूरचे महाराज माधोसिंह लंडनला गेले, ते चांदीच्या अवाढव्य रांजणांत गंगाजल भरून. एकेका रांजणाचे वजन सुमारे ३४५ किलो. परमुलखातील पाण्यास शिवायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता. राजाराम महाराजही आपले सेवक सोबत घेऊनच गेले होते. आज एवढ्या खटाटोपाची गरज उरलेली नाही. लेस्टर शहरात १९८८ पासून जैन मंदिर उभे आहे आणि तेथे श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा परंपरा एकाच छताखाली नांदतात. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे देरासर आहे. किल्ल्याच्या सहलीइतकाच एक दिवस या मंदिरांसाठी ठेवला, तर आजी-आजोबांना परक्या मुलखातही चार आपली माणसे भेटतात, आणि लेकाच्या घरी देवदर्शनाची वाट कोणती हे समजून त्यांचा जीव शांत होतो.

राजाराम महाराजांच्या प्रवासाचा उत्तरार्ध मात्र शांततेचा नाही. त्यांच्या इंग्लंडमधील मुक्कामातच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. परतीची वाट त्यामुळे फ्रान्स टाळून, आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरणारी झाली. वाटेत थंडी वाढत गेली आणि महाराजांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. एकविसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते.

इटलीत प्रेत दहन करण्याची चाल नव्हती. सोबतच्या मंडळींनी धर्माप्रमाणे अग्निसंस्कार करण्याची परवानगी मागितली. बऱ्याच विचारानंतर अधिकाऱ्यांनी ती दिली आणि गावाबाहेर, आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमावर दहन व्हावे ही आपली रीत त्या अनोळखी भूमीतही पाळली गेली. पुढे १८७४ मध्ये त्या जागी भारतीय धाटणीची छत्री उभारण्यात आली. तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. तो फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट याची. कॅशिने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाच्या पश्चिम टोकाला ती आजही उभी आहे. गावचे लोक त्या जागेला ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय माणसाची जागा, म्हणून ओळखतात. शेजारी आर्नोवर १९७८ मध्ये नवा पूल झाला, त्याचेही नाव तेच पडले. कोल्हापूरचा तरुण राजा फ्लॉरेन्सच्या रोजच्या बोलण्यात असा राहून गेला.

विंडसरला जाणाऱ्या कोल्हापूरकर कुटुंबांपैकी अनेकांच्या सहलीत पुढे इटलीही असते. पिसाचा कलता मनोरा, रोम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स अशी ती ठरलेली माळ. फ्लॉरेन्समध्ये अर्धा दिवस काढून संगमापर्यंत जावे. उद्यान लांबलचक आहे, चालण्याची तयारी ठेवावी. तेथे तिकीट नाही, रांग नाही, झाडांची सावली आणि नदीचा काठ आहे. फेटा बांधलेल्या त्या तरुणाकडे पाहताना विंडसरच्या सोनेरी दालनांत न मिळालेले काही तरी हाती लागते. आपल्या गावचा एक मुलगा शिकायला, पाहायला म्हणून निघाला आणि परत आला नाही, ही जाणीव त्या जागी होते. ज्यांची मुले दूरदेशी आहेत त्यांना ती अधिक खोल भिडते.

अशा कौटुंबिक प्रवासात एक प्रश्न सर्वांच्या मनात असतो आणि कोणी तो उच्चारत नाही. मुलगा परत येणार की नाही? आजोबांनी पन्नास वर्षे सांभाळलेली पेढी, तिची पत, गिऱ्हाइकांची तिसरी पिढी, गल्ल्यामागची तसबीर, हे सारे पुढे कोण पाहणार? किल्ल्याच्या तटावर उभे राहून आजोबा नदीकडे पाहतात, मुलगा भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपतो, सून डब्यातील ठेपले वाढते. बोलणे हवेविषयी चालते. मुलाने परत यावे असे म्हणावे तर त्याच्या संसाराचा विचार येतो. येऊ नको म्हणावे तर जीभ रेटत नाही. या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर कोल्हापुरात जे घडत गेले, त्यातून मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी बाजू दिसते.

महाराजांना औरस पुत्र नव्हता. १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. त्यांचे आयुष्यही दुःखाचे ठरले. वेडाचा शिक्का मारून त्यांना अहमदनगरला नजरकैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. गादी पुन्हा रिकामी झाली. मग १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक घेण्यात आला. तेच राजर्षी शाहू छत्रपती. फ्लॉरेन्सच्या संगमावरून निघालेली घटनांची साखळी अशी शाहू महाराजांपर्यंत येऊन पोहोचते.

शाहू महाराजही विलायतेस गेले. एडवर्डचे राज्यारोहण २६ जून १९०२ रोजी ठरले होते, आणि तो शाहू महाराजांचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. राजा ऐन वेळी आजारी पडून शस्त्रक्रिया करावी लागल्याने सोहळा ९ ऑगस्टला झाला. केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना सन्माननीय पदवी दिली. या मानसन्मानांच्या वर्षातील सर्वांत मोठी गोष्ट मात्र लंडनच्या कोणत्याही दालनात घडली नाही. महाराज परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानच्या राजपत्रात त्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या जातील, असे त्यात म्हटले होते. महाराज देहाने सहा हजार किलोमीटरहून अधिक दूर होते. त्यांचा विचार कोल्हापुरात कामाला लागला होता.

राजाराम महाराज परतले नाहीत, परंतु त्यांचे नाव परतले. कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेला ते नाव मिळाले आणि १८८० मध्ये तेथूनच राजाराम कॉलेज उभे राहिले. गोपाळ कृष्ण गोखले या कॉलेजात शिकले. त्याच कोल्हापुरात १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाने दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले आणि शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे यांचा या बोर्डिंगशी निकटचा संबंध होता. कुंभोजला जन्मलेला एक जैन मुलगा या बोर्डिंगात राहायला आला आणि राजाराम हायस्कुलात शिकू लागला. तो मॅट्रिक झाला नाही. बोर्डिंगच्या शिस्तीत बसला नाही. त्याने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि हजारो गोरगरिबांच्या मुलांना शाळेच्या दारात आणून उभे केले. कर्मवीर भाऊराव पाटील ज्या शाळेत शिकले तिच्यावर फ्लॉरेन्सला निवर्तलेल्या त्या तरुण राजाचे नाव होते.

परदेशी गेलेल्या मुलाकडून घरच्यांनी काय मागावे, याचा विचार या हकिकतीच्या उजेडात करता येतो. तो दुकानात येऊन बसला तर उत्तमच. नाही बसला, तरी गावाशी त्याचे देणे-घेणे संपत नाही. ज्या बोर्डिंगात त्याचे आजोबा किंवा चुलते शिकले, तेथील एका विद्यार्थ्याची वर्षाची फी तो उचलू शकतो. गूळ, हळद, चांदीचे दागिने, कोल्हापुरी चप्पल यांना तेथे कोणत्या अडचणी येतात, कोणते कागद लागतात, हे तो येथल्या पेढीला कळवू शकतो. वर्षातून एकदा मुलांना घेऊन येऊन महिनाभर राहू शकतो. परतण्याच्या या वाटा आहेत, आणि त्यांपैकी एकही लहान नाही. वडीलधाऱ्यांनीही केवळ एकाच वाटेकडे डोळे लावून बसू नये, म्हणजे मुलाला उरलेल्या वाटा मोकळेपणाने धरता येतात.

नातवंडे कोल्हापूरला येतील तेव्हा त्यांना दाखवायला येथेही राजवाडा आहे. फ्लॉरेन्सची छत्री रचणाऱ्या चार्ल्स मँटनेच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची रचना केली. काळ्या घडीव दगडातील ही वास्तू १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. विंडसरप्रमाणेच येथेही राजघराण्याचे वास्तव्य आहे आणि एका भागात लोकांसाठी संग्रहालय आहे. टाऊन हॉल आणि सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत ही कामेही मँटचीच. शिवाजी पेठेतून रंकाळ्यावर फिरायला जाताना पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस दिसतो; तो १९३१ ते १९३४ मधला. ज्या मुलाने विंडसर मन लावून पाहिले आहे त्याला या इमारतींतील कमानी, घुमट, मनोरे पाहताना कोणती गोष्ट तिकडची आणि कोणती इकडची, हे ओळखण्याचा खेळ खेळता येतो. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी उभे राहिले की बाराव्या शतकातील ती जोडही त्याला आठवते.

प्रवासाला निघताना मुलाच्या पिशवीत एक कोरी वही ठेवावी. छायाचित्रे शेकडो निघतात आणि पुन्हा कोणी उघडून पाहत नाही. वहीत रोज एक पान, एवढीच अट घालावी. काय पाहिले, कोण भेटले, आजीने काय खाल्ले, कशाचे नवल वाटले आणि काय पटले नाही, हे त्याला येईल त्या भाषेत लिहू द्यावे. शेवटच्या दोन ओळी मात्र मराठीत असाव्यात. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वीस वर्षांच्या राजाने दीडशे वर्षांपूर्वी रोज पान भरले, म्हणून त्याचा प्रवास आज कळतो. पेढीवरच्या जुन्या कीर्दी जपून ठेवणाऱ्या घराने अशी एक वही त्यांच्या शेजारी ठेवली, तर पुढच्या पिढीतील कोणी तरी ती नक्की उघडेल.